सिंकपाशी झालेला खून

माझ्या कामाला नाव आहे, पण ते सांगितलं की समोरचा "हो का, हो का" म्हणतो आणि विषय बदलतो. म्हणून मी सरळ सांगते: मी आंधळ्यांच्या कानात सिनेमा सांगते. पडद्यावरची माणसं बोलत असतात तेव्हा मी गप्प. ती गप्प झाली की मी सुरू. ती दार उघडते. तो पिस्तूल लपवतो. कुत्रा सोफ्यावर चढतो. दोन संवादांमधल्या मोकळ्या जागेला आमच्यात खिडकी म्हणतात. खिडकी मोठी असली तर चैन, लहान असली तर पडद्यावर महापूर का येईना, दोन-चार शब्दांत उरकायचा. आणि नियम एकच. दिसतं ते सांगायचं, वाटतं ते नाही. 'ती दुःखी आहे' असं म्हणायचं नाही, 'ती नखं कुरतडते' म्हणायचं. दुःखी आहे की भूक लागलीय ते ऐकणारा ठरवेल. हा नियम मोडला की मी नव्या पोरींना असं फैलावर घेते की त्या दुसऱ्या दिवशी डबाही माझ्यापासून लांब बसून खातात.

या कामाचा उरलेला अर्धा भाग म्हणजे माझी थोरली बहीण, ताई. मी वाचलेलं वर्णन आधी एका आंधळ्या माणसाला ऐकवायचं आणि मग त्याने आम्हाला सिनेमाची गोष्ट परत सांगायची, अशी आमच्याकडे पद्धत आहे. त्याला जे कळलं नाही ते आमचं चुकलं. ताईने 'पास' म्हटल्याशिवाय स्टुडिओतून काही बाहेर जात नाही. विशीत तिचे डोळे गेले. डोळे गेले आणि जीभ दुप्पट झाली, असं आमची आई म्हणायची.

तर मध्यंतरी एक सिनेमा आला. दोन पुरुषांचा. भावाभावांचा नाही, मित्रामित्रांचाही नाही, कळलं ना? त्यासोबत सिनेमाच्या कंपनीची सूचना: स्वयंपाकघरातल्या प्रसंगाला वर्णन देऊ नये, खिडकी शांत ठेवावी. कारण काय, तर 'आमच्या अंध प्रेक्षकांच्या भावना लक्षात घेऊन'.

मी तडक स्टुडिओच्या मालकाच्या खोलीत गेले. "डोळस प्रेक्षकांना भावना नसतात का? त्यांच्यासाठी तो प्रसंग कापलाय?"

"नाही. तो आहे तसाच आहे."

"म्हणजे डोळे असलेल्यांनी बघायचं आणि आंधळ्यांनी नळ ऐकत बसायचं?"

"बाई, सकाळचा चहा तरी होऊ दे माझा," मालक म्हणाला. भला माणूस आहे, पगार वेळेवर देतो, पण त्याचा कणा चहात बुडवलेल्या टोस्टाचा आहे. "गिऱ्हाईक म्हणेल तसं करायचं. तुला काय करायचंय?"

मला काय करायचं होतं ते त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. माझ्या डोक्यात तेव्हा वेगळाच भुंगा होता. तो आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

ताईला एकच मुलगा. लहानपणी गोल गरगरीत होता म्हणून त्याला ढब्बू म्हणायचो. आता वाऱ्याने उडेल असा झालाय, पण नाव चिकटलं ते चिकटलं. भाओजी गेले तेव्हा तो शाळेत होता. त्याला ताईनेच वाढवला. आंधळ्या बाईने पोर कसं वाढवलं म्हणून लोक तोंडात बोटं घालायचे, आणि ताई म्हणायची, पोर रडतं ते ऐकू येतं, अजून काय लागतं? तो ढब्बू महिन्याच्या सुरुवातीला फोनवर तिला म्हणाला, "आई, माझ्याबरोबर घरात राहतो ना, तो नुसता मित्र नाही." ताई म्हणाली, "बरं." मग तो म्हणाला, त्या दोघांना लांब, समुद्रापलीकडे नोकरी मिळालीय, महिनाअखेर निघायचंय. "जाण्याआधी एकदा त्याला घेऊन येऊ का? एकदाच. तुला नाही पटलं तर परत विचारणार नाही." ताई म्हणाली, "कळवते." आणि त्यानंतर तिने त्याचा फोन उचललाच नाही.

तो मग रोज मला फोन करायचा. "मावशी, आई काय म्हणते?" मी म्हणायचे, विचार करतेय. खरं तर मला धडकी भरली होती. ताईचा हट्ट मी ओळखून आहे. आमच्या सख्ख्या मामाशी ती तो मरेपर्यंत बोलली नाही, आणि कारण काय, तर त्याने तिला न विचारता हाताला धरून रस्ता ओलांडून दिला! तिला पलीकडे जायचंच नव्हतं. असल्या बाईने महिनाअखेर नुसती जाऊ दिली असती, तर पोरगा कायमचा गेला असता. आणि मी विषय काढला की ती म्हणायची, "तुझं काम कर."

तर मी काम केलं. सूचनेप्रमाणे खिडकी शांत ठेवली आणि ताईला बोलावलं.

आमची ऐकायची खोली लहान आहे. एक कोच, दोन खुर्च्या, काचेपलीकडे ध्वनिवाला. त्याला सगळे बटण म्हणतात, कारण तो बटणं सोडून कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. ताई कोचावर पाय वर घेऊन बसली आणि तिने सिनेमा पूर्ण ऐकला. मध्ये एकदा ती ताठ झाली. पुढे दोनदा "अरे बापरे" म्हणाली. संपल्यावर मी म्हटलं, "हं, सांग."

"दोन मित्र एका घरात राहतात," ताई म्हणाली. "एक बडबड्या, एक घुमा. बरं चाललेलं असतं. मग एक दिवस भांडी घासताना बडबड्या त्या घुम्याचा खून करतो."

"काय?"

"मध्ये बोलू नकोस. नळ चालू आहे. कपड्यांची झटापट. मग श्वास अडकल्यासारखा आवाज, ताटली फुटते, आणि नुसता नळ. पाण्यात डोकं दाबलं असणार. मग तो बडबड्या मोठा उसासा टाकतो आणि म्हणतो, 'आता मागे फिरता येणार नाही.' मग सगळा सिनेमाभर घाबरलेला. 'कुणाला कळलं तर?' 'आईला काय सांगू?' बरोबरच आहे, माणूस मारल्यावर घाबरणारच. तो घुमा परत एक शब्द बोलत नाही, कारण मेला. पोलीस मात्र कुठेच येत नाहीत, ते मला पटलं नाही. आणि शेवटी भूत येतं."

"भूत?"

"येतंच की! स्टेशनवर. 'मी आलोय' म्हणतं. त्या भुताचं आधी काहीच नाही आणि शेवटी एकदम? तुझं वर्णन इथे कच्चं आहे."

काचेपलीकडे बटण टेबलावर डोकं टेकून हसत होता. मलाही आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं. ताई शांतपणे थांबली, म्हणाली, "झालं? आता सांगा काय चुकलं."

"ताई, कुणी कुणाला मारलं नाही. तो घुमा बहिणीकडे जातो आणि नुसता गॅलरीत बसतो, म्हणून बोलत नाही, आणि शेवटी स्टेशनवर तोच परत येतो. गॅलरीतलं मी सांगितलं होतं, पण तू 'एक माणूस' म्हणजे दुसराच कुणीतरी समजलीस."

"मेलेल्या माणसाला मी जिवंत कशाला समजू? मग सिंकपाशी काय झालं?"

"मुका घेतला."

"कुणी?"

"त्या दोघांनी. एकमेकांचा."

ताईने पाय खाली घेतले. मी म्हटलं आता उठून जाते की काय. मग तिने विचारलं, "मग टुंइंग कुठे होतं?"

मला कळेना. "कसलं टुंइंग?"

"अगं, ते असतं ना. मालिकेत तसला कुणी आला की टुंइंग होतं. मग तो पातळ आवाजात 'इश्श' म्हणतो आणि मागे माणसं खदाखदा हसतात. दर वेळी असतं. इथे नव्हतं. म्हणून मला कळलंच नाही." ती माझ्याकडे वळली. "तुला वाटतंय मी ढब्बूवर रागावलेय."

"मग काय आनंद झालाय?"

"फोन वाजतो," ताई म्हणाली. "फोन त्याचं नाव बोलतो. आणि माझ्या डोक्यात टुंइंग होतं. लगेच मागे माणसं हसतात. माझ्या पोराच्या नावावर हसतात! कसा उचलू मी फोन? काय बोलू? तुम्ही डोळेवाल्यांनी असली माणसं रस्त्यात बघितली असतील, बसमध्ये, दुकानात, कुठेतरी. मला कोण दाखवणार? माझ्याकडे टीव्हीने दिला तेवढाच माल आहे. त्या तसल्यालाच पोराने घरात आणून ठेवलाय, असं दिसतं मला. आणि कधीकधी तर पोरगाच तसला दिसतो."

ताईला रडताना मी फार कमी वेळा पाहिलंय. तेव्हाही ती रडली नाही, पण आवाज घोगरा झाला, आणि मला तिची इतकी माया आली की मी काहीतरी खेकसले. "मग मला आधी बोलायचं नाही?"

"आता बोलतेय ना. तू सांग मला. सिंकपाशी काय झालं ते. नियमाने सांग."

मी बटणाला खूण केली. त्याने प्रसंग पुन्हा लावला. मी माइकपाशी नाही, ताईशेजारीच बसले आणि सुरुवात केली. "दोघं भांडी घासतायत. एक जण दुसऱ्याकडे प्रेमाने बघतो..."

"प्रेमाने म्हणजे कसं? डोळे किती उघडे?"

बोंबला. माझाच नियम माझ्याच बहिणीने माझ्या गळ्यात घातला. "परत लाव," मी बटणाला म्हटलं.

या नोकरीत मी किती चुंबनं सांगितली असतील त्याला गणती नाही. पण ती बाई आणि बुवाची. त्याचं वाक्य ठरलेलं असतं: 'ते जवळ येतात.' वर बासरी वाजते, काम झालं. इथे बासरी नव्हती आणि माझ्याकडे वाक्यही नव्हतं. मग मी खरंच बघायला लागले, आणि बघता बघता मला मजा वाटायला लागली. पडद्याकडे इतकं निरखून मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"परत लाव. थांब, थोडं मागे."

"यातली बाई कोण?" ताईने विचारलं.

"बाई नाहीच आहे, ताई."

"तसं नाही गं. म्हणजे, भांडी कोण घासतो?"

"उंच आहे तो. घुमा."

"मग ती... मग तो बाई."

"पण पुसून जागेवर दुसरा ठेवतो."

"स्वयंपाक कुणी केला?"

"ते दाखवलेलं नाही."

"मग मला कळणार कसं कोण काय ते?"

"कळायचं नसेलच कदाचित," मी म्हटलं. मलाही ते तेव्हाच सुचलं.

स्पीकरमधून बटणाचा आवाज आला. तो कधी मधे पडत नाही. "ताई, आमच्याकडे भांडी मीच घासतो."

"तुझी बायको नशीबवान आहे. प्रसंग लाव."

मग मी सांगितलं. "उंच माणसाचे हात फेसात आहेत. त्याच्या शर्टाची बाही घसरते, पाण्याला लागते. दुसरा पुसायचा कपडा खांद्यावर टाकतो. ती बाही धरतो. एक दुमड घालतो, मग आणखी एक, कोपरापर्यंत. बाही झाली, पण हात काढत नाही. उंच माणूस ताटलीकडे बघतोय. आता त्याच्याकडे बघतो."

"ताटली?"

"हातातून सुटली."

"हां, तो खून. पुढे?"

"बुटका टाचा उचलतो. ओठांवर ओठ. उंच माणसाचे डोळे उघडेच आहेत, आता मिटले. हात... थांब. बटण, मागे घे. हात हवेत आहेत. फेसाने भरलेले. बुटक्याच्या पाठीमागे दोन्ही बाजूंना लांब धरलेत, पाठीला लागू देत नाही."

"का?"

"त्याचा शर्ट भिजू नये म्हणून. नाही, ते मला वाटतं. दिसत नाही."

"तेवढं वाटलेलं चालेल," ताई म्हणाली.

तिने तो प्रसंग आणखी दोन-तीनदा सांगायला लावला. मध्येच हसली. "बावळट आहे तो उंच," म्हणाली. "हात धुवायचे ना आधी." मग उठली, काठी घेतली आणि म्हणाली, "हा सिनेमा मी पास करत नाही."

मालकाला घाम फुटला. ताईने त्याच्याच टेबलावरून, त्याच्याच फोनवरून, कंपनीतल्या कुणा बाईंना सांगितलं. मी शेजारी उभी होते. "तुमच्या सिनेमात खून होतो," ताई म्हणाली, "खुनी मोकळा सुटतो आणि शेवटी भूत येतं. नाही, माझी तब्येत ठीक आहे. मी ऐकलं ते सांगतेय. आंधळ्यांनी हीच गोष्ट बघावी अशी तुमची इच्छा असेल तर खुशाल बघू द्या. मी मात्र पास म्हणणार नाही, कारण ती तुमची गोष्ट नाही." पलीकडून बराच वेळ कुजबुज. मग बाईंनी विचारलं, अंध प्रेक्षकांना त्या प्रसंगाने अवघडल्यासारखं नाही का होणार? ताई म्हणाली, "होईल की. डोळेवाल्यांनाही होतं. आम्हाला पण आमच्या वाटणीचं अवघडू द्या." शेवटी कंपनीने मान्य केलं, पण खिडकीत मावेल तेवढंच आणि साधं. मला साधंच हवं होतं.

त्याच संध्याकाळी तिने ढब्बूचा फोन उचलला. "रविवारी या," म्हणाली. "दोघं. चहाला. जेवायला नको, जेवणात फार वेळ जातो." आणि ठेवून दिला.

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं पण, एक दिवस. मग दुसरीच चिंता लागली. ताई येता-जाता त्या सिनेमातल्या उंच माणसाबद्दल विचारायची. आवाज किती भारदस्त होता नाही, कमी बोलतो, चांगलं असतं. मी मनात म्हटलं, झालं कल्याण. डोक्यातून मालिकेतला काढला आणि सिनेमातला बसवला! उद्या खरा माणूस आला की त्याने उभं कुठे राहायचं? त्याला मीही कधी पाहिलं नव्हतं. तो चष्म्याच्या दुकानात काम करतो एवढंच ठाऊक होतं.

रविवारी ताईने खुर्ची दोनदा सरकवली. मग पुन्हा होती तिथे ठेवली. बेल वाजली. मी दार उघडलं. पुढे ढब्बू, तोंड पांढरंफटक. त्याच्या मागे चष्मेवाला: गोरा, बुटका, पोपटी शर्ट, हातात केकचा खोका.

"काकू! नमस्कार! किती दिवसांपासून यायचं यायचं म्हणत होतो, शेवटी आलो बाई एकदाचा!"

आवाज पातळ. नुसता पातळ नाही, वर चढणारा, हेल काढणारा, हुबेहूब मालिकेतला. आणि बोलताना मान आणि मनगट दोन्ही हलत होती. जगात जाड आवाजाच्या पुरुषांचा तुटवडा पडला होता का? ताई खुर्चीत ताठ झाली. तिचा अंगठा खुर्चीच्या हातावर घट्ट दाबलेला मला दिसत होता. ढब्बूलाही दिसत होता.

चष्मेवाल्याला शांतता झेपत नसावी. तो सुटलाच. बस कशी चुकली, केक कसा कलला, जिना किती उंच. ताईच्या तोंडावरची रेषा हलेना. "मी चष्म्यांच्या दुकानात असतो, काकू," तो शेवटी म्हणाला.

"मग माझ्याकडून तुला काही धंदा नाही," ताई म्हणाली.

मग तो हसला. ते हसणंही पातळच, वर वर जाणारं, खोलीभर झालं. आणि संपलं. ताईने मान तिरकी केली. ती ऐकत होती, काहीतरी यायची वाट बघत असल्यासारखी. आलं ते एवढंच, की ढब्बू हळू आवाजात त्याला म्हणाला, "आधी पाणी पी. घसा कोरडा पडलाय तुझा." आणि पेला पुढे केल्याचा, घोट घेतल्याचा आवाज.

"मागे कुणी हसलं नाही," ताई म्हणाली. मला म्हणाली, पण सगळ्यांनी ऐकलं. ढब्बूला काही कळलं नाही. मला कळलं.

"काय, काकू?" चष्मेवाला म्हणाला.

"काही नाही. बस."

पण तो बसला नाही. पेला ठेवला, शर्ट खाली ओढला, ताईच्या समोर आला आणि वाकला. नुसता वाकून राहिला. माझी सवय जाते कुठे, मी सांगून टाकलं, "ताई, तो तुझ्यासमोर वाकलाय. तोंड तुझ्या तोंडासमोर आहे. डोळे मिटलेत."

"कशाला?"

"माहीत नाही. वाट बघतोय."

"कशाची रे?"

"बघा ना, काकू," तो डोळे मिटूनच म्हणाला. "माझा चेहरा. तुम्ही लोक हाताने चाचपून बघता ना? सिनेमात तसंच असतं. आंधळी आई असते, ती असा हात फिरवते आणि..."

"अरे!" ढब्बूने कपाळावर हात मारला. "आई तसलं काही करत नाही! तिला मुळीच आवडत नाही!"

खरंच आवडत नाही. इतक्या वर्षांत ताईने कुणाचाही चेहरा चाचपलेला नाही. एकदा एक बाई कॅमेरा घेऊन आली होती, म्हणाली मुलाच्या चेहऱ्यावरून हात फिरवा, छान दिसेल. ताईने तिला जिन्यापर्यंत झोडपून काढलं होतं, शब्दांनी. आता मी डोळे मिटायच्या बेतात होते.

ताईचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. आधी दाबून, मग मोठ्याने, पोट धरून. "म्हणजे तुझ्याकडेही टीव्हीचाच माल!" ती म्हणाली. "अरे देवा! मी तुझ्या नावाने इतके दिवस झोपले नाही, आणि तू माझा सिनेमा बघून आलास!"

तो लाजून पार कानापर्यंत लाल झाला. "सॉरी, काकू. मी मूर्ख आहे. मी आपलं..." आणि सरळ व्हायला लागला.

"हलू नकोस. वाकलायस ना? मग वाक."

आणि तिने हात वर केला. तिला ते जमत नव्हतंच. बोटं आधी त्याच्या कानाला लागली, मग नाकावर आली. "चष्मेवाला आणि चष्मा नाही?"

"काढून ठेवलाय. तुम्हाला मधे नको म्हणून."

बोटं गालावरून हनुवटीवर आली आणि थांबली. "हे काय चिकटलंय?"

"कापूस. दाढी करताना कापलं. सकाळपासून तीनदा केली."

"माझ्यासाठी? मला दिसतं का रे?"

"हा पण तेच म्हणत होता," तो म्हणाला, आणि त्याचा तो पातळ आवाज मध्येच फुटला.

ताईचं हसू थांबलं. तिने अख्खा तळवा त्याच्या गालावर टेकवला आणि तसाच ठेवला. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाली, चांगल्या रागाने म्हणाली, "अगं, हा थरथरतोय. थरथर कापतोय पोरगा. हे का नाही सांगितलंस?"

"दिसत नव्हतं, ताई," मी म्हटलं. खरंच दिसत नव्हतं. मी त्याचा शर्ट बघितला होता, मनगट बघितलं होतं.

ती परत त्याच्याकडे वळली. "भिऊ नकोस," म्हणाली. "मी पण सकाळपासून भ्यालेच आहे." आणि हात न काढता तिने ढब्बूला चहा टाकायला सांगितलं.